पऱ्हाटीबाईंचा हात

आमच्या पऱ्हाटीबाई प्रत्येक तासाला वेगळं मारायच्या. गणिताला तळहातावर, शुद्धलेखनाला बोटांच्या पेरांवर, परिसर अभ्यासाला पाठीत. नकाशात तापी चुकली की धपाटा ठरलेलाच. छडी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची. ती आम्हीच शेतातून आणायची. चोपड्याकडच्या आमच्या गावात त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

आणि मधल्या सुट्टीत खिचडी वाढण्याआधी ह्याच बाई आमच्या सुजलेल्या हातांना खोबरेल चोळायच्या. "दुखतंय? मग पाढे पाठ कर ना, गाढवे!" काय म्हणावं या बाईला!

तिसरीत एका सकाळी मी 'सात आठे चौपन्न' म्हणाले. छडी सापडेना, म्हणून बाईंनी कानाखाली ठेवून दिली. डाव्या कानातून रक्त आलं. त्या कानाने मला आजही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला माझे वडील वर्गात घुसले. "मनी पोरना कान फोडी टाका! आते तिनी शाळा बंद!" माझं दप्तर त्यांनी दाराबाहेर भिरकावलं. शाळा बंद म्हणजे उद्यापासून आईबरोबर कपाशी वेचायला, हे मला कळत होतं. कानापेक्षा तीच भीती मोठी होती.

बाईंनी नवी छडी उचलून वडिलांच्या हातात दिली आणि स्वतःचा तळहात पुढे केला. "भाऊ, मला मारा. हवं तितकं. पण पोरीचं नाव शाळेतून काढू नका."

वडिलांनी मारलं. अहो, खरंच मारलं! छडी मोडेपर्यंत. आम्ही सगळी किंचाळत होतो. मग त्यांनीच दप्तर उचलून माझ्यापुढे ठेवलं आणि खालमानेने निघून गेले. बाई म्हणाल्या, "वह्या काढा." त्या दिवशी फळ्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलं.

त्यानंतर मार थांबला असं समजू नका. फक्त कुणाच्या कानाला हात लागला नाही, आणि शुद्धलेखन सांगताना बाई कायम माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहत.

गेल्या वर्षी शिरपूरला त्यांना भेटायला गेले. बाई अंथरुणाला खिळलेल्या. मी खाटेशेजारी बसले तशा खेकसल्या, "त्या कानाने काय ऐकणार आहेस? पलीकडे ये."

'चुकलं माझं' एवढं ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. पलीकडे गेले. बाईंनी चादरीतून उजवा हात काढला आणि तळवा वर करून माझ्यापुढे धरला.

मी चापट मारली, चांगली सणसणीत. मग तोच हात गालाशी धरून ढसाढसा रडले.