मापाला गेलेले मास्तर

मास्तरांनी चर्चला जाणं सोडलं, असं म्हणणं बरोबर नाही. सोडायला काहीतरी भांडण लागतं, रुसवा लागतो. मास्तरांचं तसं काहीच नव्हतं. एका रविवारी लग्नाचे कपडे द्यायचे होते म्हणून मशीनवरून उठता आलं नाही. पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी कारण नव्हतं, आणि मग कारणाची गरजही उरली नाही. एक टाका सुटला की शिवण कशी उसवत जाते, हे शिंप्याला कुणी शिकवायला नको.

अंथरुणाला खिळलेल्या आईने शेवटी त्यांना एवढंच विचारलं होतं, "परत जाशील ना रे चर्चला?" मास्तर "हो" म्हणाले. त्या "हो"वर विसंबून माउलीने डोळे मिटले, आणि मास्तर काही गेले नाहीत. आता तर आणखीच पंचाईत. मरणाऱ्या आईला फसवलेला माणूस कोणत्या तोंडाने देवापुढे उभा राहणार?

बायको दर रविवारी निघताना दारात थबकायची.

"अहो, येताय?"

"तू हो पुढे."

"पुढे होता होता केस पिकले माझे," असं म्हणत ती चपला पायात सरकवायची.

राखेचा बुधवार आला. बायको चर्चमधल्या मिस्सेहून, म्हणजे उपासनेहून, परतली तेव्हा कात्री चालवता चालवता मास्तर म्हणाले, "कपाळाला काय लागलंय गं?" आणि मग त्यांनी जीभ चावली. कपाळावरच्या त्या राखेच्या खुणेने ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता आणि त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बायकोने निरोप आणला. फादर मोठ्या दुखण्यातून उठले होते. या दिवसांत घालायचा त्यांचा जांभळा झगा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

"परवा वेदीची पायरी चढताना पायातच आला. माप घेऊन जा म्हणालेत. दुपारचे चर्चमध्ये असतात."

"त्यांनाच पाठव की दुकानात."

"आजारी माणसाला? थोडी तरी लाज ठेवा!"

"बरं, बरं. बाजूच्या दाराने जाईन, माप घेईन, निघेन."

"जा हो. देव काही कोपऱ्यात दबा धरून बसलेला नाही."

गळ्यात टेप अडकवून मास्तर गेले. आत फादर दिसेनात. भिंतीलगतच्या बाकावर चार माणसं मान खाली घालून बसली होती. फादरांना भेटायलाच आली असतील, असं समजून मास्तर बाकाच्या टोकाला टेकले. थोड्या वेळाने एक जण उठला, बाकीचे सरकले. मागून बेकरीवाली मावशी येऊन बसली.

"सरका मास्तर, रांग अडवू नका."

"मला घाई नाही, मावशी."

"मग काय बाक गरम करायला आलात? सरका!"

सरकता सरकता नंबर आला. समोरच्या लाकडी खोलीचा पडदा बाजूला झाला तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही तर पापं सांगायची जागा! माघारी वळावं तर मावशी वाटेत भिंतीसारखी उभी. आत जाऊन फादरांना कानात सांगू आणि निघू, असं ठरवून ते गुडघ्यावर बसले.

"बोल बाळा," जाळीपलीकडून आवाज आला. "कशासाठी आलास?"

"मापासाठी, फादर."

दुखण्याने फादरांचे कान अधू झाले होते. "माफीसाठी. चांगलं केलंस. किती दिवसांनी?"

मास्तर आठवू लागले. मागचा झगा शिवला तेव्हा... "आई होती तेव्हा. पण ते मागचं आता चालायचं नाही, फादर. नव्यानेच घ्यावं लागेल."

"नवंच मिळतं, बाळा. दर वेळी नवं."

"पण त्यासाठी तुम्ही उभं राहायला हवं."

"मी?" फादर क्षणभर घुटमळले. "माझं राहू दे. तू गुडघ्यावर आहेस, तेवढं पुरे. सांग, काय खुपतंय?"

खुपत काही नाही, फक्त झगा आखूड करायचाय, एवढंच मास्तरांना सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मी आईला हो म्हणालो होतो."

ते शब्द त्यांनाच परक्याचे वाटले. पण एकदा धागा ओढला गेला आणि मागचं सगळं सुटत आलं. काय काय, ते त्यांचं नि देवाचं. शेवटी फादरांनी हात उचलून पापक्षमेचे शब्द उच्चारले, आणि डोळे पुसत मास्तर बाहेर आले.

"बराच साठा होता म्हणायचा!" मावशी पुटपुटली.

घरी बायकोने विचारलं, "माप?"

"राहिलं."

"मग इतका वेळ केलंत काय?"

मास्तर मशीनवर बसले, आणि सुईत दोरा नसताना हातभर शिवण मारून मोकळे झाले. मन काही थाऱ्यावर येईना. आपण माफी मागायला गेलोच नव्हतो. फादरांना चुकीचं ऐकू आलं. शेजाऱ्याचं पार्सल आपल्या दारात पडावं तसं झालं हे. ठेवून घेतलं तर ती चोरीच. आधी आईला फसवलं, आता देवालाही?

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. फादर अंगणात ऊन खात बसले होते.

"फादर, कालचं परत करायला आलोय," मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि सगळा घोळ सांगून टाकला.

फादरांनी नीट ऐकून घेतलं. "आईविषयी बोललास, ते खोटं होतं?"

"नाही हो! ते खरंच आहे."

"वाईट वाटत होतं?"

"ते तर रोजच वाटतं."

"मग चूक फक्त बाकावर बसण्यात झाली. मागायला कुठे बसायचं ते तुला ठाऊक नव्हतं, देवाला होतं. त्याची दया आपण बोलावल्यावरच येते, असं कुणी सांगितलं तुला?"

"पण मला हलकं वगैरे काही वाटलं नाही, फादर. लोकांना वाटतं म्हणे. माझा नुसता गोंधळ उडालाय."

"मग गोंधळलेलाच ये रविवारी. आता माप घे बाबा, परत पाय अडकला तर मी पडेन."

फादर उभे राहिले. मास्तरांनी छातीचं माप दोनदा घेतलं. माणूस इतका वाळला असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना.

रविवारी बायको दारात थबकली, तर मास्तर आधीच रस्त्यावर जाऊन उभे. तिने घाईघाईने चपला पायात सरकवल्या. बोललं तर परत फिरतील, ही धास्ती.

मिस्सेत प्रार्थनेला द्यायची मास्तरांची उत्तरं सगळ्यांच्या मागून येत होती. दोनदा ते चुकीच्या वेळी उभे राहिले. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत बाजूचं दार दिसलं आणि पाय तिकडे वळू लागले. आपल्याला हा प्रसाद घ्यायचा हक्क आहे की नाही? फादर म्हणाले ते खरं, की त्यांनी फक्त समजूत घातली? उत्तर सापडायच्या आतच फादर समोर उभे होते, आणि पवित्र भाकर जिभेवर होती.

जागेवर येऊन ते गुडघे टेकून बसले. थोड्या वेळाने सगळे उठले. मास्तर उठले नाहीत. उठायचं असतं हे विसरले होते, की उठवतच नव्हतं, कोण जाणे. त्यांना कोपराने ढोसायला बायको वाकली, पण त्यांच्याकडे बघून तिने हात मागे घेतला. मग तीही त्यांच्या शेजारी पुन्हा गुडघे टेकून बसली.