एकच खुर्ची

"मोज," साहेब म्हणाला. "शाळेत पोरांना पाढे शिकवतोस ना? मग मोज. मोठ्यानं."

माझा थोरला भाऊ बैलगाडीच्या चाकाला बांधलेला होता. दोन्ही हात वर, चाकाच्या आऱ्यांना. लंगोटीही सोडलेली. शिपाई वेत बादलीतल्या पाण्यात बुडवत होता. ओला वेत जास्त लागतो. आमराईत गाव उभं होतं. बायकाही होत्या. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

साहेब खुर्चीत बसला होता. घडीची खुर्ची, कापडी पाठीची. ती खुर्ची मी सकाळपासून पाहत होतो.

सकाळपासूनच सांगतो.

मी तेव्हा अक्कलकुव्याजवळच्या एका खेड्यात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या भिल्लांतला शिकलेला मी एकटा. दादानं मला शिकवलं. तो स्वतः रानात, शेतात राबला आणि मला शाळेत धाडलं. त्याला आमच्या बोलीपलीकडे दुसरी भाषा येत नव्हती. इथे त्याचं बोलणं मी मराठीत लिहितो आहे. त्या दिवशीही हेच काम माझ्याकडे आलं होतं.

थंडीत प्रांतसाहेब फिरतीवर यायचा. आमराईत तंबू पडायचे. मग गावानं दूध द्यायचं, कोंबड्या द्यायच्या, गवत, लाकूड द्यायचं आणि मुक्काम हलला की सामान डोक्यावर घेऊन चालायचं. वेठ. वेठ बंद झाली असं सरकारच्या कागदावर होतं म्हणे. डोंगरापर्यंत तो कागद आला नव्हता.

त्या सकाळी साहेबानं आंब्याखाली खुर्ची टाकली आणि हुकूम काढला. प्रत्येक घरातून एक माणूस. सामान मोलगीकडे वर चढवायचं. जो येणार नाही त्याचं बघून घेऊ. झालं. कायदा तयार झाला. त्याला कुणी विचारायचं नव्हतं, कुणी बोलायचं नव्हतं.

दादा आधीच्या मुक्कामापासून ओझी वाहत होता. त्याच्या खांद्याची साल निघाली होती. आणि त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. खळ्यावर वर्षाची ज्वारी उघडी पडली होती. तो साहेबासमोर गेला आणि मला म्हणाला, "सांग त्याला. खळं झाकून येतो. मग डोंगरात तो सांगेल तिथपर्यंत ओझं नेतो."

मी सांगितलं.

साहेब उठला. हातातली छडी त्यानं दादाच्या तोंडावर मारली. ओठ फाटला, एक दात हलला. दुसऱ्यांदा छडी आली तेव्हा दादानं ती धरली. नुसती धरली. उगारली नाही, मोडली नाही. साहेब ओढत राहिला, छडी सुटेना. सगळं गाव बघत होतं. मग दादानं ती काढून घेतली आणि बाजूला ठेवली. पोराच्या हातातून विळा काढून ठेवावा तशी.

त्याला धरलं. हवालदारानं पाडलं. बुटांनी मारलं. बरगडीचा आवाज मी ऐकला. वाळलेली तुरकाठी मोडते तसा आवाज.

दुपारी साहेब जेवला. मग ती खुर्ची आंब्याखालून उचलून तंबूच्या सावलीत ठेवली. पुढे टेबल, त्यावर लाल कापड. साहेब येऊन बसला. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. सकाळच्या साहेबात आणि दुपारच्या साहेबात तेवढाच फरक होता.

दादाला आणून उभं केलं. हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "काय मास्तर, तुन्हा भाऊ शे का हाऊ? मंग त्याले सांग, आते सायेब सायेब नही, मॅजिस्ट्रेट शे. हात जोडी उभा ऱ्हाय."

मी दादाला सांगितलं. दादानं खुर्चीकडे नीट पाहिलं. तोंडातून रक्त गळत होतं.

"सकाळी ज्यानं माझं तोंड फोडलं तो कुठे गेला?"

"तोच हा."

"मग न्याय कोण करणार?"

"तोच."

दादाला खरंच कळेना. तो अडाणी होता म्हणून नव्हे. आमच्याकडे असं होत नाही म्हणून.

आमच्या गावात भांडण मिटवायला पंच बसतात ते मोहाखाली. तिथे एक दगड आहे, त्यावर गावचा कारभारी बसतो. मी लहान असताना त्याच कारभाऱ्याच्या बैलानं आमच्या बापाचं शेत खाल्लं. बापानं पंच बसवले. कारभारी आला, दगडापाशी थांबला, डोक्याचं फडकं काढून दगडावर ठेवलं आणि बापाशेजारी जमिनीवर येऊन बसला. शेजारच्या गावचा एक म्हातारा बोलावला होता. तो दगडावर बसला. ज्याचं भांडण त्याचा दगड नाही. ही रीत कुणी लिहिलेली नव्हती. लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

साहेबानं कागद वाचला. सरकारी कामात अडथळा. सरकारी अधिकाऱ्याच्या अंगावर जाणे. आणि छडीची चोरी.

चोरी! छडी टेबलावरच होती, लाल कापडावर. पुढे बऱ्याच वर्षांनी कायद्याची पुस्तकं हाती आली तेव्हा मला चोरीचं कोडं उलगडलं. साहेबाच्या अंगावर जाण्याला तुरुंग होता. फटके देता येत होते ते चोरीला. साहेबाला फटकेच द्यायचे होते. शिक्षा आधी ठरली होती. गुन्हा मागून शोधला.

"कबूल आहे का विचार," साहेब म्हणाला.

मी विचारलं. दादा म्हणाला, "त्याला सांग, खाली उतर. इथे माझ्याजवळ येऊन बस. त्याचं भांडण आहे, माझं भांडण आहे. दोघं खाली बसू. दुसऱ्या गावचा माणूस बोलाव, त्याला वर बसव. मग मी सगळं सांगतो. चुकलो असेन तर तो म्हणेल ते भरीन."

मी शब्दाला शब्द सांगितलं. मराठीत आदर घातला तेवढाच. "तो म्हणतो, आपण खाली उतरावं."

कागद लिहायला बसलेला शिरस्तेदार हसला. मग साहेब हसला. मग हवालदार हसला, साहेब हसला म्हणून.

"मास्तर," साहेब म्हणाला, "तुम्हा लोकांना कितीही शिकवा, शेवटी जमिनीवरच बसणार. आणि आम्हालाही बसवायला बघणार."

साक्ष कुणाची? साहेबाची. त्यानं स्वतःलाच सांगितली. मान्यही त्यानंच केली. फटके लिहिले. चुलीवर भात शिजायच्या आत निकाल.

तपासायला डॉक्टर नव्हता. हवालदारानं दादाचा दंड दाबून पाहिला. "चाली जाई, सायेब. बैल शे बैल."

मग चाक. मग वेत. मग साहेब म्हणाला, मोज.

पहिला फटका बसला. कातडी लगेच फाटत नाही. आधी पांढरी रेघ उठते, मग तिच्यात लाल भरतं. मी म्हणालो, "एक." माझाच आवाज. वर्गात म्हणतो तसा.

दादानं मान वळवली. गाल आऱ्यावर घासला गेला. आमच्या बोलीत, हळू, मला ऐकू येईल एवढंच तो म्हणाला.

"मोजू नको, धाकल्या. तू मोजलंस तर हा न्याय होईल. हा मार आहे. मारच राहू दे."

दुसरा फटका बसला. मी गप्प.

"मोज!"

मी गप्प.

"मोजत नाहीस? मग हा फटका धरलाच नाही. पुन्हा पहिल्यापासून."

वेत पुन्हा पडला. मी तोंड उघडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. मांस निघालं. वेताला चिकटून मागे उडालं, शिपायाच्या शर्टावर पडलं. वहिनी ओरडत पुढे धावली, तिला केसांना धरून मागे ओढलं. मी जीभ दातांखाली धरली होती. जिभेचं रक्त गिळत होतो. दादा ओरडला नाही असं मी लिहिणार नाही. ओरडला. गुरासारखा ओरडला. पण मोज असं म्हणाला नाही.

मी गेलो आणि चाकाजवळ जमिनीवर बसलो. साहेबाकडे पाठ करून. हवालदारानं माझ्या पाठीत बूट घातला. पडलो. पुन्हा बसलो. पुन्हा बूट. पुन्हा बसलो. शेवटी शिपायाचाच हात थकला. किती फटके बसले ते कुणालाच सांगता आलं नाही. निकालात जो आकडा होता, तो त्यांनी कागदावर पुरा झाला असं लिहून टाकलं.

आमचा कारभारी गवताच्या भाऱ्यांपाशी उभा होता. त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि हातात धरून राहिला. त्याला ठेवायला दगड सापडेना.

संध्याकाळी पाऊस आला. खळ्यावरची ज्वारी भिजली. दादाला खाटेवर पालथं घालून नेलं. वहिनीनं हळद लावली, कडुनिंबाचा पाला लावला. जखमा पिकल्या. ताप चढला. भिजल्या ज्वारीला कोंब फुटले आणि तिकडे दादाच्या पाठीत किडे झाले. मी ते काडीनं काढत होतो. तो म्हणायचा, "त्यानंतर मोजलंस का रे?" मी म्हणायचो, "नाही." तो म्हणायचा, "बरं केलं." असं म्हणत म्हणतच गेला.

आम्ही त्याला पुरलं. शेताच्या बांधावर दगड उभा केला.

वहिनी आणि मी धुळ्याला पायी गेलो. मोठ्या साहेबाकडे, कलेक्टराकडे, अर्ज दिला. मी लिहिलेला, स्वच्छ अक्षरात. वाट पाहत राहिलो. बोलावणं आलं. अर्ज चौकशीसाठी प्रांतसाहेबाकडे पाठवला होता. आम्ही त्याच्या तंबूत गेलो तर तीच खुर्ची. त्यात तोच. हातात माझाच अर्ज.

"काय तक्रार आहे?" त्यानं विचारलं.

वहिनीला मराठी येत नव्हतं. तिनं खुर्ची ओळखली. ती थुंकली. त्याच्या अंगावर थुंकली नाही, तेवढा दमच नव्हता उरला तिच्यात. खाली, जमिनीवर. आणि बाहेर गेली. मीही गेलो.

माझी नोकरी गेली. मी नंदुरबारला एका मारवाड्याच्या कापडदुकानात लागलो. गज हातात आला. सकाळी कापड मोजायचं, दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की वाचायचं. वाचनालयातून आणायचो ते सगळं एकाच गोष्टीपायी. जगात आणखी कुठे असं आहे का? शेठ वाईट नव्हता. टोमणा मारायचा. "मास्तर, कापड मोज. कायदा मोजीसन कोनं पोट भरनं?"

मग स्वराज्य आलं. दिल्लीत घटना लिहिली जात होती. मी वर्तमानपत्रातली एकेक ओळ वाचत होतो. कायदे करणारी सभा वेगळी. त्या कायद्यानं कारभार चालवणारे मंत्री आणि अधिकारी वेगळे. न्याय देणारे वेगळे. मंत्री न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणार नाही. सभेनं केलेला कायदा घटनेच्या बाहेर गेला तर वरचं न्यायालय तो रद्द करील. कुणाच्याच हातात सगळं नाही. दुकानात गज तसाच हातात धरून मी रडलो. गिऱ्हाईक बघत राहिलं. दादाचं बोलणं छापून आलं होतं. दिल्लीतली शिकलेली माणसं मोहाखालच्या दगडापर्यंत येऊन पोचली होती.

पण मी वाचत गेलो. प्रांतसाहेब, मामलेदार, जे आमच्या दारात येतात, त्यांच्यासाठी काय? त्यांच्यासाठी एक कलम होतं. राज्यानं कारभार आणि न्याय वेगळे करण्यासाठी पावलं टाकावीत. टाकावीत! आधी तीन वर्षांची मुदत होती. चर्चेत ती गळाली. आणि ज्या भागात हे कलम घातलं, त्यातल्या कुठल्याही कलमासाठी कुणाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असं तिथेच लिहिलेलं. दिल्लीला तीन घरं. आमराईत अजून एकच खुर्ची.

या थंडीत नवा प्रांतसाहेब आला आहे. डोक्यावर पांढरी टोपी. बोलायला गोड. गावात निरोप आला. प्रत्येक घरातून एक माणूस, रस्त्याला. देशाचं काम आहे. जो येणार नाही त्याचं बघून घेऊ. आमच्यातल्या दोघांनी नाही म्हटलं. त्यांना धरलं आहे. उद्या आमराईत त्यांचा न्याय आहे. धरणारा तोच, न्याय करणारा तोच. वेताची शिक्षा अजून कायद्यात आहे. मी पाहिलं आहे.

मी शेठला सांगून आलो. गज त्याच्या हातात दिला. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही.

मी आत्ता दादाच्या दगडाशेजारी बसून हे लिहितो आहे. वहिनी भाकरी बांधते आहे. तीही येणार आहे. मी भाषांतर करायला जात नाही. मी त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसणार आहे. दिल्लीतली सभा, मंत्री, न्यायाधीश यांची वेगळी घरं काय असतात ते मला ठाऊक आहे, आणि त्या टोपीवाल्यालाही ठाऊक आहे. तो मला विचारील, तू कोण? तेव्हा मी दादाचं बोलणं त्याला सांगणार आहे. या वेळी मराठीत आदर घालणार नाही.

खाली उतर.

उतरला तर आम्ही बोलू. नाही उतरला तर मला चाकाला बांधतील. मी गावाला सांगून ठेवलं आहे. पोरांना, बायकांना, म्हाताऱ्या कारभाऱ्यालाही. मला बांधलं तर आमच्यातल्या कुणी मोजायचं नाही.