मेंढ्याची आई

भाईंदरला केबिन रोडवर त्याचं शिलाईचं दुकान आहे. त्याची मेंढरं गावीच असतात; तिथल्या मेंढीपालक संघाचा मी अध्यक्ष, तो सभासद. कुणी मोबाईलवर देखणा मेंढा दाखवला, की कात्री चालवत विचारतो, "ह्याची आई कुठाय?"

एका प्रदर्शनात त्याच्याच मेंढ्याला पहिला नंबर मिळत होता. गिऱ्हाईकही ठरलेलं. तेवढ्यात हा उठला. "नंबर देऊ नका, अध्यक्ष. ह्याच्या आईला दूध न्हवतं. शेळीच्या दुधावर वाढवलाय. ह्याच्या लेकीबी तशाच निघतील."

गिऱ्हाईक निघून गेलं.

पुढे संघाने नियमच केला, आईचं दूध पाहूनच मेंढ्याला नंबर. कळप सुधारले. सत्कार माझे होतात, टाळ्या तो वाजवतो. नियम त्याचा आहे. मी त्या दिवशी त्याला सगळ्यांदेखत "खाली बस" म्हणालो होतो.