न्हाव्याचा हलका हात

महाराजांच्या राजवटीत मी कोल्हापुरात शाळामास्तर होतो. एका वर्षी मला शौचाच्या जागेशेजारी गळू झालं आणि बसणंच बंद झालं. मी दिवसभर उभ्यानं शिकवायचो. पोरांना वाटायचं, मास्तर तापलाय. तापलो होतोच.

माझी दाढी करणाऱ्या न्हाव्यानं वस्तऱ्याच्या टोकानं ते फोडलं. हात इतका हलका, की ओरडायच्या आत पू वाहून गेला. चार दिवसांत जखम मिटली आणि महिन्याभरात गळू परत आलं. असं तीनदा झालं.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी भूल देऊन दोन बोटं लांब चीर घेतली आणि टाके न घालता आत कापडाची वात भरून ठेवली. शुद्धीवर येताच मी भडकलो, "फाडलंत ते फाडलंत, शिवायला दोरा नव्हता काय?"

ते शांतपणे म्हणाले, "वरून लवकर मिटलं की आत पू साचतो. तळापासून भरू द्या."

भरायला दीड महिना लागला, पण गळू पुन्हा आलं नाही. घरी वात बदलायला न्हावीच रोज यायचा. पहिल्या दिवशी त्यानं ती चीर नीट बघितली आणि डॉक्टरांचं म्हणणं माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमास्नी दुखू नये म्हणून म्या बारकं भोक पाडत हुतो. माझ्या दयेनंच घात केला की."

पुढं कुणी गळू घेऊन आला, की तो वस्तरा पेटीत ठेवायचा, वहाणा घालायचा आणि त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत स्वतः सोडून यायचा.