यादीत उरले दोघेच

"शुभा, माझी सगळी म्हातारी माणसं कुठे घालवलीस तू?"

फोनवर ऑफिसातली नॉ ए पॉ होती. गुरुवार, दुपारचे दोन वाजून गेलेले. मी नुकताच चहा टाकला होता आणि स्वतःवर भलतीच खूश होते. सकाळी मी एक यादी अशी काही साफ केली होती की बस. म्हटलं, ही कौतुक करायलाच फोन करतेय.

"सगळी आहेत की," मी म्हणाले. "डुप्लिकेट तेवढे काढलेत."

"यादीत दोनच माणसं उरलीत, शुभा."

मी लॅपटॉप उघडला. खरंच दोन होती. एक बाई, एक बुवा.

दोन हजार एकवीस साल. मेलबर्नला लॉकडाऊन आणि मी तिथल्याच वेरिबी उपनगरातल्या घरी डायनिंग टेबलावर ऑफिस थाटून बसलेली. काम एका कम्युनिटी हेल्थ संस्थेत, डेटा अॅनालिस्ट म्हणून. नाव भारदस्त आहे, काम तांदूळ निवडण्याचं. लोक लशीसाठी ऑनलाइन फॉर्म भरायचे. पान अडकलं की तेच बटण पाचपाच वेळा दाबायचे, आणि एका माणसाच्या पाच ओळी तयार व्हायच्या. त्या शोधून एकच ठेवायची. याला डेटा क्लीनिंग म्हणतात. मी खडे काढायला बसले होते आणि तांदूळच फेकून दिले होते.

आता ही करामत कशी झाली ते सांगते, कारण त्यात माझी हुशारी ठासून भरलेली आहे.

त्याआधीच्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी चार वेळा नाव नोंदवलं होतं. वयाप्रमाणे नंबर लागायचा, म्हणून एकदा जन्मसाल पाच वर्षं मागे नेलं, एकदा सात. आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक वेळी निराळं. वर मलाच फोन करून विचारतात, "वहिनी, आत ओळख आहे ना तुमची?" मी चिडले. आपल्या लोकांना मी पुरती ओळखून आहे, म्हटलं, थांबा आता. मी कॉम्प्युटरला नवा रूल घालून दिला. आडनाव बघायचंच नाही, कारण स्पेलिंगचा भरवसा नाही आणि बायकांचं आडनाव लग्नानंतर बदलतं. जन्माचं सालही बघायचं नाही, कारण त्यात लोक लबाडी करतात. फक्त पहिलं नाव, जन्माचा दिवस-महिना आणि मोबाईल नंबर बघायचा. तिन्ही जुळले की माणूस एकच, बाकीच्या ओळी उडवायच्या. रूल इतका भारी चालला की मी तो नवऱ्याला जेवताना दोनदा समजावून सांगितला. तो दोन्ही वेळा "वा" म्हणाला.

आणि तोच रूल मी त्या सकाळी कारेन लोकांच्या यादीवर फिरवला.

कारेन म्हणजे ब्रह्मदेश आणि थायलंडच्या सीमेवरचे डोंगराळ लोक. तिथे सरकारी फौज आणि कारेन बंडखोर यांची लढाई कित्येक पिढ्या चालू आहे. गावं जळली की माणसं नदी ओलांडून थायलंडच्या कॅम्पात जायची. वीस-वीस वर्षं कॅम्पात काढून त्यांतली बरीच कुटुंबं वेरिबीला आली. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा आमच्या रस्त्यावर सगळे गोरे होते. आता एका बाजूला तेलुगू, एका बाजूला पंजाबी आणि समोर कारेन आजी वाफ्यात रोझेल लावते, आपली अंबाडीच ती. पानं मला आणून देते, मी भाजी करून अर्धी परत पाठवते.

नॉ ए पॉ आमच्याकडेच कम्युनिटी वर्कर होती. कॅम्पात जन्मलेली, इथे युनिव्हर्सिटीत शिकलेली, पस्तिशीची. शनिवारी तिच्या चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या कारेन मंडळींसाठी लशीचं क्लिनिक होतं.

"यादीत एकच बाई कशी उरेल?" मी विचारलं.

"कारण नॉ हे नाव नाहीये. नॉ म्हणजे मिस, मिसेस, दोन्ही. पुरुषांना सॉ. आम्हाला आडनावं नसतात, मग फॉर्ममध्ये पहिलं नाव म्हणून नॉ जातं. सगळ्या बायका नॉ."

"मोबाईल?"

"माझा. त्यांना इंग्लिश येत नाही, फोन मीच घेते."

"आणि जन्मतारीख? ती तरी निराळी असेल ना?"

"कॅम्पात रांग मोठी होती, शुभा, आणि क्लार्क एकटा. सगळ्यांना एक जानेवारी."

मी खुर्चीत मागे टेकले आणि मला हसू फुटलं. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी थांबेना. माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जून आहे. काकांची एक जून, आत्याची एक जून, अर्ध्या गावाची एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिहा एक जून. व्हिसाच्या फॉर्मवर ती तारीख मी स्वतः टाइप केली होती. आणि तीच मी, एक जानेवारीचा गठ्ठा बघून म्हणते, काय बाई चिकाटी हिची, किती वेळा फॉर्म भरला.

"हसू नकोस," नॉ ए पॉ म्हणाली. "ही नावं लिहून घ्यायला मला तीन महिने लागले. आमच्याकडे फौज गावात यायची ती यादी घेऊन. यादीत नाव असलं की त्यांचं ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. काही जण परत यायचे, काही नाही. यादी म्हटलं की ही माणसं अजून मागच्या दाराने बाहेर पडतात. या वेळी मी त्यांना म्हटलं, ही यादी वेगळी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. शनिवारी दारातून परत गेले तर ते पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे येणार नाहीत."

माझं हसू गेलं.

मी लगेच ग्रेगला फोन लावला. ग्रेग माझा बॉस. जन्म वेरिबीतला, तक्रार कसलीही असो, उत्तर एकच.

"नो वरीज, शूब्स. जुनी यादी पाठव."

"जुन्या यादीत एकसष्ट ओळी आहेत. त्यात खरे डुप्लिकेटही आहेत, आणि बरीच नावंसुद्धा सारखीच."

मागच्या महिन्यात आम्ही डोस जास्त मागवले होते आणि ते वाया गेले होते. त्यावरून वरच्यांनी त्याला चांगलंच झाडलं होतं.

"मग तेवढ्यांसाठी डोस मागता येणार नाहीत, मेट. माणसं किती, ते नक्की सांग. चार वाजता ऑर्डर बंद होते."

घड्याळात दोन चाळीस. मी मग तो माणूस गाठला, ज्याने आयुष्यभर याद्याच केल्या होत्या. आमचे अण्णा, माझे वडील, रिटायर्ड तलाठी, मुक्काम फलटण. तिकडे सकाळचे दहा वाजले होते.

"अण्णा, सगळ्यांची जन्मतारीख एकच असली तर माणसं वेगळी कशी करायची?"

"तारीख विचारायचीच नाही," अण्णा म्हणाले. "जन्माच्या वेळी काय झालं होतं ते विचारायचं. पूर आला होता का, बैल मेला होता का. आईने सांगितलेलं असतं ते, कुणी विसरत नाही. कुणाची माणसं आहेत?"

मी सांगितलं.

"लिंक पाठव," अण्णा म्हणाले. लॉकडाऊनमध्ये एवढं एक ते शिकले होते.

दर गुरुवारी तीन वाजता कारेन मंडळींची झूमवर प्रार्थना असायची. नॉ ए पॉने मला आणि अण्णांना त्यात घेतलं. स्क्रीनवर कुणाचं कपाळ, कुणाचं छत, कुणाची नुसतीच लोकरी टोपी. अण्णांच्या चौकोनात पंखा आणि अर्धा कान. सगळे एकदम बोलत होते.

मग एक आवाज आला आणि बाकीचे गप्प झाले. सॉ डो आजोबा, त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे. नॉ ए पॉने मला इंग्लिशमध्ये सांगितलं, "ते विचारतायत, ही बाई कोण आणि हिने आमची नावं का खोडली?"

मी म्हणाले, "चूक माझी आहे. मला तुम्ही सगळे एकच वाटलात."

नॉ ए पॉने भाषांतर केलं. कुणी हललं नाही.

"काय म्हणतोय तो?" अण्णा मराठीत गरजले. मी सांगितलं. "मग त्याला सांग, मी आणि माझा थोरला भाऊ कागदावर एकाच दिवशी, एकाच साली जन्मलोय. जुळे नव्हे. खरा फरक तीन वर्षांचा. आमची आई तीन वर्षं कळा देत बसली होती का, विचार त्याला."

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं, जमेल तेवढं सभ्य करून. नॉ ए पॉने ते कारेनमध्ये सांगितलं, बहुतेक परत असभ्य करून, कारण पडदाभर म्हातारी माणसं हसायला लागली. सॉ डो आजोबा डोळे पुसत म्हणाले, "माझी बायको आणि सासू एकाच दिवशी, एकाच साली जन्मल्यात. सासू फार खूश होती."

अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते आईला हाक मारून सांगितलं.

तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. मी एक नवा रकाना केला आणि टाइप करत सुटले. सॉ डो आजोबा, भात अर्धं कापून झालं होतं तेव्हा. गाव पहिल्यांदा जळलं त्या साली. गाव दुसऱ्यांदा जळलं त्या साली. नदीत, होडीत, कुठला देश ते आईला ठाऊक नाही. हत्तीने मिठाचं मडकं फोडलं त्या दिवशी.

मग दुसरी आजी म्हणाली, हत्तीने मिठाचं मडकं फोडलं त्या दिवशी.

माझी बोटं थांबली. पुन्हा डुप्लिकेट. दोघी आज्या मात्र एकमेकींवर तुटून पडल्या. मडकं कुणाच्या घरचं होतं यावर त्यांचं साठ वर्षांचं भांडण होतं. शेजारणी निघाल्या. अण्णांचा निकाल आला, "हत्ती एक, पोरी दोन. लिही पुढे."

तीन चाळीसला मी शेवटचं विचारलं. सॉ डो आजोबांच्या मागे लाल शाल घेतलेली एक बाई सारखी ये-जा करत होती. "त्यांचं नाव राहिलं का?"

"माझी बायको," आजोबा म्हणाले. "ती नाव देत नाही. तिचे दोन भाऊ फौजेच्या यादीतून गेले."

तीन बावन्नला यादी ग्रेगकडे गेली. माणसं सेहेचाळीस. खरे डुप्लिकेट पंधरा, त्यांतले पाच एकट्या सॉ डो आजोबांचे. त्यांनी बटण सहा वेळा दाबलं होतं.

ग्रेगचा फोन आला. "शूब्स, शेवटच्या रकान्यात लिहिलंय, हत्तीने मडकं फोडलं, शेजारीण नंबर एक. हे काय आहे?"

"युनिक आयडेंटिफायर."

"नो वरीज," ग्रेग म्हणाला आणि चारला पाच कमी असताना ऑर्डर गेली.

शनिवारी मी हॉलच्या दारात यादीचा कागद घेऊन उभी होते. मास्क, थंडी, रांग. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस आले. दोघी शेजारणी लांब लांबच्या खुर्च्यांवर बसल्या.

आजोबांची बायको कुंपणाबाहेर थांबली होती, लाल शालीवरून ओळखली मी. सगळ्यांचं झाल्यावर ती आत आली आणि माझ्या हातातला कागद मागून घेतला. तिला इंग्लिश वाचता येत नव्हतं. नॉ ए पॉने तिला पूर्ण यादी वाचून दाखवली, नावं आणि त्यापुढची खूण. ती उभ्यानेच ऐकत होती. नवऱ्याच्या नावाशी तिने थांबवलं आणि दुरुस्ती केली. कापणी नव्हे, पेरणी. सासूने तिला स्वतः सांगितलं होतं.

नर्सने बाटली उजेडात धरली. मोजून मागवलेल्यांतूनही एक डोस जास्तीचा निघाला होता.

बाई नॉ ए पॉला काहीतरी म्हणाली. नॉ ए पॉने तिला परत विचारून घेतलं. मग मला म्हणाली, "लिही म्हणतेय."

मी पेनने खाली सत्तेचाळीस आकडा घातला. नाव लिहिलं. नॉ मू वा. खूण विचारली.

"वडील लढायला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

माझे डोळे भरून आले. चष्म्यावर मास्कची वाफ होती, म्हणून कुणाला दिसलं नाही. मी लिहिलेली ओळ तिने बोट ठेवून बघितली आणि बाही वर करून खुर्चीवर बसली.

सोमवारी मी रूल बदलला. आता दोन ओळी सारख्या आल्या की कॉम्प्युटर त्या उडवत नाही, फक्त मला दाखवतो. मग मी फोन लावते आणि विचारते, तुम्ही एक आहात की दोन. यात प्रत्येक यादीला दोन दिवस जास्त जातात. ग्रेग कुरकुरतो. कुरकुरू दे.