पुलावरची गावसभा

एलिफलेट लाकडी पिंपं बनवायचे. कॅप्टन झाले ते आमच्या गावच्या रीतीने. इथे पलटण आपला कॅप्टन मतं देऊन निवडते आणि उमेदवाराने त्या दिवशी सगळ्यांना रम पाजायची असते. चर्चचे डीकन झेडॉक फ्रिस्बी यांनी पाणी घातलेली पाजली. एलिफलेटनी नुसती पाजली. तेव्हापासून डीकनना त्यांचं काहीही पटलेलं नाही.

मी नुकताच कॉलेजातून परतलो होतो. रोमन सेनापतींच्या मोहिमा लॅटिनमधून वाचल्या होत्या. त्यातल्या कुणालाही त्याचे सैनिक ‘ए एलिफलेट’ म्हणत नव्हते.

जुलैत हुकूम आला. दारूगोळ्याच्या गाड्या मागची टेकडी ओलांडेपर्यंत ओढ्यावरचा पूल धरून ठेवायचा. गाड्या गेल्या तर आमची फौज हिवाळ्यापर्यंत लढणार. लाल डगलेवाल्या इंग्रज सैनिकांच्या हाती लागल्या तर आमच्याकडे फक्त भाषणं उरणार. गाड्यांना बैल होते. बैलांना क्रांतीची घाई नव्हती.

आम्ही पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही कडेच्या दगडी भिंतींमध्ये बसलो. दुपारी पश्चिमेला ढग आला. सगळ्यांनी आधी ढगाकडे पाहिलं, मग गावाकडे. गावात कापलेलं गवत शेतात उघडं पडलं होतं.

डीकन उठले. “ठराव मांडतो. पलटणीने घरी जावं.”

“अनुमोदन,” मागून तीन आवाज आले.

मी कॅप्टनच्या कानाशी गेलो. “हुकूम द्या ना. थांबा म्हणा.”

“म्हणतो की. संध्याकाळी ते दुसरा कॅप्टन निवडतील आणि तो त्यांना घरी नेईल,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. टेकडीवरच्या गाड्या अजून अर्ध्या वाटेवरच होत्या. मग ते दगडावर चढले. “ठराव आलाय, तर सभा रीतसर होईल. कुणाला बोलायचंय?”

आमच्या गावात हा प्रश्न विचारू नये. ढगाबद्दल दोघे बोलले. स्वातंत्र्याबद्दल एकजण बोलला आणि बोलता बोलता त्याच्या मक्यात घुसलेल्या शेजाऱ्याच्या डुकरावर आला. शेजारी उत्तर द्यायला उठला.

“विषयावर या,” डीकन ओरडले.

“डुक्कर विषयावरच होतं. माझ्या विषयावर,” पहिला म्हणाला.

शेवटी हात वर झाले. कॅप्टननी डोळे बारीक केले. “हात कुठला आणि बंदूक कुठली, कळत नाही. दोन बाजूंना व्हा. घरी जाणारे रस्त्याच्या डावीकडे, थांबणारे उजवीकडे. दगडी भिंतींच्या मागे.”

“मागे कशाला?” डीकननी विचारलं.

“समोर राहिलात तर एकमेकांची तोंडं बघून मत बदलाल.”

हे सगळ्यांना पटलं. मी थांबणाऱ्यांत गेलो. कॅप्टन मोजू लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“पिंपं तरी मोजता येतात का रे तुला?” डीकन म्हणाले.

“पिंपं हलत नाहीत, डीकन.”

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वळणावर लाल डगले दिसले. आता सगळे पळणार, असं वाटलं. कुणीच हललं नाही. मोजणी चालू असताना जो सभा सोडतो त्याचं मत बुडतं, आणि समोरची बाजू जिंकते. डावीकडचे उजवीकडच्यांवर नजर ठेवून होते, उजवीकडचे डावीकडच्यांवर.

“एकानेही हलायचं नाही,” डीकन स्वतःच्या माणसांवर गुरगुरले. “आपण जास्त आहोत.”

लाल डगले पुलावर आले. त्यांच्या बुटांच्या आवाजात कॅप्टनचे आकडे ऐकू येईनात.

“डीकन,” कॅप्टननी हाक मारली, “मोजणीत व्यत्यय आणणाऱ्याला आपल्यात काय करतात?”

“बाहेर काढतात,” डीकन म्हणाले आणि त्यांनी बंदूक भिंतीवर टेकवून पुलावर नेम धरला.

दोन्ही भिंतींमागून एकदम बार उडाले. पूल अरुंद होता. पुढचे मागे वळले, मागचे पुढेच येत राहिले. थोड्या वेळाने आपल्या जखमींना उचलून ते वळणाआड गेले. आमच्या एकाच्या दंडाला गोळी चाटून गेली होती. आपलं मत धरलं ना, एवढंच तो विचारत राहिला.

मी मागे पाहिलं. शेवटची गाडी टेकडीपलीकडे उतरत होती.

“भिंतींचं तुम्ही ठरवून केलंत?” मी कॅप्टनना विचारलं.

“भिंती आधीपासून होत्या रे,” ते म्हणाले. “मला फक्त वेळ काढायचा होता. थांब, मोजणी राहिलीय.”

मोजणी झाली. दोन्ही बाजू समान निघाल्या. अशा वेळी निर्णायक मत सभापतीचं.

“माझं मत घरी जायला,” कॅप्टन म्हणाले.

डीकन हसले नाहीत. भिंतीमागून पुढे आले.

“एलिफलेट, तू माझ्या बाजूने?”

“हो.”

“यात काहीतरी डाव आहे,” डीकन म्हणाले. “मी ठरावाला विरोध करतो. मला बोलायचंय.”

कॅप्टन दगडावरून उतरले, त्यालाच टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. “बोला, डीकन. कितीही वेळ बोला.”