ओठांनी दाखवलेली वाट

व्हिना मागसोंबोलचे दोन्ही हात कायम गुंतलेले असत. मारिकिना शहरातल्या तिच्या गल्लीत घरोघरी बूट शिवले जात, आणि व्हिना एकतीस वर्षं बुटांच्या वरच्या कातड्याची शिलाई करत आली होती. मशीनवर कातडं धरलं की हात सोडायची सोय नाही, कारण चुकीच्या जागी सुई गेली की कातड्याला पडलेलं भोक काही बुजत नाही. म्हणून कुणी काही विचारलं की व्हिना ओठांचा चंबू करायची आणि हव्या त्या बाजूला वळवायची. कात्री कुठे? ओठ डावीकडे. पाणी कुठे? ओठ उजवीकडे. तसे तिकडे सगळेच ओठांनी दाखवतात, उगाच कुणी बोट रोखत नाही. पण व्हिनाच्या ओठांवर अख्खं घर चालायचं. पुढे नवरा गेला, मुलगी ॲनालिन लग्न होऊन दावाओला गेली, आणि त्या ओठांचं ऐकणारा घरात एकटा तुतोंग उरला.

तुतोंग म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड. कुत्र्याचा रंग हुबेहूब तसाच होता. आई रस्त्यावरची, बाप बहुधा समोरच्या दंतवैद्याचा पांढरा स्पिट्झ, पण दंतवैद्याने ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही. शेपूट स्पिट्झची, तंगड्या आईच्या, आणि कान कुणाचे ते देव जाणे. पिल्लू असल्यापासून तो मशीनखाली व्हिनाच्या पायांशी बसायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. डाव्या टोपलीत दोऱ्याची रिळं, उजव्या टोपलीत चिंध्या. ओठ जिकडे वळतील तिकडचं तो तोंडात धरून आणायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी प्रार्थना आटोपून दोघं नदीकाठच्या मैदानावरून चालली होती. तिथे फर्मिन नावाचा निवृत्त अग्निशामक जवान कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा क्लब चालवायचा. आडवे दांडे, कापडी बोगदा, चढउताराची फळी, नागमोडी पळायच्या काठ्या. अडथळ्यांचा क्रम दर वेळी नवा, कुत्र्याला माहीत नसलेला. मालकाने बरोबर पळायचं आणि वाट दाखवायची. कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही.

मैदानावर पुरिंग तिच्या विलायती मेंढपाळ कुत्रीला घेऊन उभी होती. पुरिंग ही ॲनालिनची बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणत आणि त्या नात्याच्या जोरावर वाटेल ते बोलत.

"कुमारे, हे ध्यान इथे कशाला आणलंस? इथे वंशावळीची कुत्री पळतात."

"माझ्याचीही वंशावळ आहे," व्हिना म्हणाली. "दाताच्या दवाखान्यापर्यंत जाते."

फर्मिन पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "पळव बघू." तुतोंग पळाला, आणि फर्मिनचं हसणं थांबलं. एवढ्या झटकन वळणारा कुत्रा त्याने पाहिला नव्हता. त्याने व्हिनाला हातांच्या खुणा शिकवल्या. व्हिना बापडी वाळत घातलेली चादर झटकावी तसे हात हलवायची आणि तुतोंग बरोबर जायचा. सगळ्यांना वाटलं, काय हात आहेत! व्हिनालाही तसंच वाटलं. तिच्या ओठांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जाणार कसं? त्या मैदानावर हरएक जण ओठांनीच बोलत होता.

आठवड्याचे सहा दिवस व्हिना मशीनची होती. रविवार तिचा. बावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत. मार्चमधल्या शहरच्या मोठ्या स्पर्धेसाठी फर्मिनने तुतोंगचं नाव घातलं, तेव्हा क्लबातून जाणारा तो पहिलाच गावठी रक्ताचा कुत्रा ठरला.

आणि फेब्रुवारीत व्हिनाचं तोंड वाकडं झालं.

दिवसभर शिलाई करून ती घामेजल्या अंगाने पंख्यासमोर आडवी झाली होती. सकाळी चूळ भरायला गेली तर पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. चेहऱ्याची उजवी बाजू ढिम्म, आणि तोंड सगळं डावीकडे ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, गोळ्या घ्या, दोन-तीन महिन्यांत सुधारेल. मालिश करणारी म्हातारी म्हणाली, पंख्याचं वारं बाधलं. व्हिनाने दोघांचंही ऐकलं आणि तोंडावर मास्क चढवला. विचारलं की सांगायचं, खोकला आहे. ॲनालिनचा व्हिडिओ कॉल आला की म्हणायचं, कॅमेरा बिघडलाय. एरवी कुणाची पर्वा न करणारी बाई, पण स्वतःचं तोंड तिला बघवेना.

मैदानावर तुतोंग पहिल्या दांड्यावरून उडी मारून थांबला आणि तिच्या मास्ककडे बघत भुंकायला लागला. व्हिनाने हात हलवले, हाका मारल्या, पाय आपटले. तो तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिला.

घरी तर आणखी वाईट. घरात मास्क नसायचा. ती चिंध्या मागायची आणि तो रीळ आणायचा. परत पाठवला तर दुसरं रीळ.

"म्हातारा झालास की माजलास?" व्हिना एकदा खेकसली. कुत्रा कान पाडून मशीनखाली गेला आणि रात्री जेवलाही नाही.

पुढच्या रविवारी फर्मिनने आपली भाची रिझा हिला तुतोंगबरोबर पळवून पाहिलं. तुतोंग एकदा अडखळला, त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग सगळे अडथळे बिनचूक पार केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिनानेही वाजवल्या.

"आते व्हिना," फर्मिन चाचरत म्हणाला. धाकटा असल्याने तो तिला थोरल्या बहिणीसारखं आते म्हणायचा. "या खेपेला रिझा पळेल. कुत्रा तुझाच गं, फक्त पळायचं तिने. पळणाऱ्याचं नाव मी स्पर्धेच्या सकाळी देईन, तोवर विचार कर."

"विचार कसला करायचा? पळू दे तिला," व्हिना म्हणाली आणि घरी जाऊन मास्क काढून ढसाढसा रडली. कुत्रा आपला राहिला नाही, असं तिला मनापासून वाटलं.

स्पर्धेआधीच्या गुरुवारी कातड्याचे गठ्ठे घेऊन दादोय आला. हा त्याच गल्लीतला हमाल, घरातलाच म्हणावा असा. व्हिना तेव्हा उभ्याउभ्या पाव खात होती, मास्क हनुवटीखाली. एका हातात पाव, दुसऱ्यात कपबशी. तिने ओठांनीच दाखवलं, तिकडे ठेव. दादोयने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, नजर खाली घातली आणि गठ्ठा डावीकडे ठेवला.

"तिकडे नाही रे, तिकडे!"

त्याने गठ्ठा उचलून आणखी डावीकडे सरकवला.

"अरे, उजवीकडे! डोळे फुटले का तुझे?"

"तूच तर इकडे दाखवतेयस, आते!" दादोय वैतागला. "दोनदा दाखवलंस!"

व्हिनाने कपबशी खाली ठेवली. तिने तुतोंगकडे पाहिलं. तुतोंग तोंडात रीळ धरून उभा होता, शहाण्यासारखा.

दादोय गेल्यावर तिने आरशासमोर ओठ उजवीकडे काढून पाहिले. ते डावीकडेच गेले. रिझाचे ओठ सरळ होते, एवढंच. मग तिने अख्खं डोकं उजवीकडे फिरवलं, इतकं की मान अवघडली, आणि चंबू केला.

तुतोंगने चिंधी आणली.

तिने त्याला उराशी धरलं आणि माफी मागितली, माणसाची मागावी तशी. तीन दिवस दोघं घरातल्या खुर्च्यांमधून पळत राहिली. पण मास्क लावला की तो जागीच थांबे. रविवारी दोनच गोष्टी होण्यासारख्या होत्या. रिझाने पळायचं, किंवा व्हिनाने हे तोंड सगळ्या मैदानाला दाखवायचं.

रविवारी फर्मिन कागद पेन घेऊन उभा होता.

"माझं नाव लिही," व्हिना म्हणाली.

"आते, तो तुझं ऐकत नाही गं."

"तोच एक ऐकतोय. लिही."

सुरुवातीच्या रेघेवर तिने मास्क काढून खिशात कोंबला. जवळचे दोघं-तिघं टक लावून बघायला लागले. पुरिंग तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तुतोंगने मात्र तिच्याकडे बघून शेपटी हलवली, कारण हेच तोंड त्याच्या ओळखीचं होतं.

डावीकडची वळणं सोपी गेली. उजवीकडे वळायचं झालं की व्हिना सगळं डोकं फिरवायची, घुबडासारखं. कुणीतरी हसलं. काठ्या झाल्या, बोगदा झाला, फळी झाली. शेवटचे तीन अडथळे उजवीकडे होते आणि त्याच अंगाला प्रेक्षकांचा मांडव. तिकडे ओठ दाखवायचे तर सगळा चेहरा मांडवाकडे करावा लागणार होता. सातआठशे माणसं, हातात फोन. तुतोंग पळता पळता मान वळवून तिच्याकडे बघत होता, आणि त्याला उशीर चालणार नव्हता. तिने तोंड मांडवाकडे केलं, मिटत नसलेल्या डोळ्यासकट, गळणाऱ्या लाळेसकट, आणि तो तिन्ही दांडे ओलांडेपर्यंत तसंच धरलं.

एक दांडा पडला. नंबर चौथा आला.

"सहा आठवडे हे लपवलंस?" फर्मिन म्हणाला. "मला सांगितलं असतंस तर?"

"लाज वाटत होती रे," व्हिना म्हणाली. एवढं म्हणायला तिला सहा आठवडे लागले होते.

पुरिंग आली आणि तिने व्हिनाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "घामेजून पंख्यासमोर झोपलीस ना?"

"झोपले."

"आणि मला खोकला सांगितलास? मी तुझ्या लेकीची धर्ममाता की रस्त्यावरची कुणी? वाकडं तर वाकडं, आधी कुठे तू राणी दिसत होतीस!"

व्हिनाला हसू फुटलं. हसताना तोंड जास्तच वाकडं होई, म्हणून इतके दिवस ती हसलीच नव्हती. आता ती खदखदून हसली आणि तोंड पार डाव्या कानाकडे गेलं. त्यासरशी तुतोंग डावीकडे सुसाट सुटला, दुसऱ्या कुणाच्या फेरीत घुसला, दिसला तो दांडा ओलांडून गेला, आणि पुढे कुठे जायचं ते विचारायला तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.